मासिकातली पाककृती रोजच्या रात्री जमवायची कशी

बदलीच्या निमित्ताने किंवा लग्न होऊन तुम्ही मालवण, देवगड, रत्नागिरीकडे आला असाल, संध्याकाळी सहाला घरी पोहोचत असाल आणि साडेआठला पानं वाढायची असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. घरात मासिकं येतात, दिवाळी अंकांतली पाककृतींची पानं आपण हौसेने कापून ठेवतो, आणि आठवड्याच्या रात्री पुन्हा वरण-भात नि तळलेला बांगडा. त्या कात्रणांतली निदान दहा-बारा आपल्या हाताखाली रुळावीत म्हणून मी काय काय करत गेलो, ते क्रमाने सांगतो.

माझी बायको नर्स आहे. तिची दुपारपाळी असते त्या आठवड्यात रात्रीचं जेवण माझ्याकडे. घरात आई आणि दोन मुलं. सहा वर्षांपूर्वी मला डाळ-भातापलीकडे फारसं येत नव्हतं. आई सांगायची, पण तिचं माप हाताचं आणि वेळ वासाची. मासिकात मात्र ग्रॅम, चमचे, मिनिटं सगळं छापलेलं, म्हणून मी तिकडे वळलो. लवकरच कळलं की ती पाककृती बहुतेक वेळा पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात बसून लिहिलेली असते. तिथे टोमॅटो, क्रीम, बिनकाट्याचा मासा आणि तयार पेस्ट हाताशी असते. इथे सोलं (म्हणजे आमसुलं), नारळ आणि त्या दिवशी जाळ्यात आलेला मासा. त्यामुळे छापलेलं सगळं पाळूनही चालत नाही आणि मनाला येईल तसं बदलूनही चालत नाही. कुठे पाळायचं आणि कुठे बदलायचं, एवढंच शिकायचं असतं.

१. कात्री लावण्याआधी शेवटपर्यंत वाचा

पाककृती निवडताना फोटो बघू नका, कृती वाचा, आणि तीही शेवटच्या ओळीपासून मागे. शेवटी 'वाढताना वरून घाला' असं काही निघतं, ज्यासाठी अर्धा तास आधी वेगळं भांडं चढवायला लागतं. मधेच कुठेतरी 'रात्रभर भिजवलेले' असतं. काळे वाटाणे आठ-दहा तास भिजल्याशिवाय शिजत नाहीत, हे संध्याकाळी साडेसहाला लक्षात आलं तर त्या रात्री ते कात्रण परत फाइलीत जातं.

मी तीन गोष्टी मोजतो. वाटणं किती, फोडण्या किती, भांडी किती. एक वाटण, एक फोडणी आणि एकच मोठं भांडं असेल तर आठवड्याच्या रात्री चालेल. दोन वेगळी वाटणं असतील तर रविवारी. शिवाय साहित्याच्या यादीत आपल्या गावात न मिळणाऱ्या वस्तू दोनपेक्षा जास्त असल्या तर ते पान मी कापतच नाही. एका वस्तूच्या जागी दुसरी घालता येते. तीन बदलल्या की पदार्थच दुसरा होतो आणि चूक कुठे झाली ते कळत नाही.

'तयारी १० मिनिटे' या ओळीवर विसंबू नका. त्या दहा मिनिटांत नारळ फोडणं, खोवणं, मासा साफ करणं धरलेलं नसतं. नारळ फोडून, एक कवड खोवून, मिक्सरमध्ये गंधासारखं वाटण काढायला मला अजूनही वीस मिनिटं लागतात. अर्धा किलो कोलंबी सोलून पाठीवरचा काळा दोरा काढायला आणखी वीस. आणि यादीत '२५० ग्रॅम कोलंबी' असेल तर ती बहुधा सोललेली असते. डोक्यासकट अर्धा किलो आणाल तेव्हा सोलून जेमतेम पाव किलो हाती राहते. पहिल्या खेपेला मी पाव किलोच आणली होती, आणि चौघांच्या पानात तीन-तीन सुंगटं आली. सुंगटं म्हणजे कोलंबी. बाजारात मालवणी नावं चालतात: सुरमईला इसवण म्हणतात, खेकड्यांना कुर्ल्या, आमसुलांना सोलं.

२. मापं एकदाच ठरवून टाका

हे काम एका दुपारी करून टाका, पुन्हा करावं लागत नाही. मासिकातला लहान चमचा ५ मिलीलिटर, मोठा चमचा १५. नुसतं 'चमचा' लिहिलेलं असलं तर मीठ, तिखट, हळद यांना लहान समजा, तेलाला आणि दह्याला मोठा. या एका घोटाळ्यामुळे मीठ तिप्पट पडू शकतं. कप बहुतेक ठिकाणी २४० मिलीलिटरचा असतो. आपल्या घरातली वाटी १२० पासून १८० पर्यंत काहीही असू शकते. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं छोटं माप घेऊन आपली वाटी पाण्याने भरा, किती वेळा ओतलं ते मोजा आणि वाटीच्या बुडाला आकडा लिहून ठेवा. आमची पितळी वाटी १५० ची आहे. म्हणजे कपाला दीड वाटीहून थोडं जास्त, हे आता हाताला पाठ झालं आहे.

मीठ जाडं असेल तर तेवढ्याच चमच्यात कमी बसतं. पावसाळ्यात दमट मीठ चमच्याला चिकटतं आणि गोळे होतात, तेव्हा तोंडाला लावून बघूनच घाला. तांदळाचं पीठही दमट हवेत ओल धरतं, म्हणून पाणी एकदम न ओतता थोडं राखून ठेवावं.

तिखटाचं मात्र नीट ऐका. मासिकात लाल तिखट, धणेपूड, गरम मसाला असे तीन वेगळे चमचे असतात. आपल्या डब्यातल्या मालवणी मसाल्यात मिरची, धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी सगळं भाजून एकत्र दळलेलं असतं. तिखटाऐवजी तो घातला तर बाकीचे दोन चमचे गाळायचे. नाहीतर लवंग-दालचिनी डोक्यावर चढते आणि माशाची चव कुठेच राहत नाही.

३. बदल करायचा तो असा

या पायरीला मी सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तुम्हीही द्या.

आधी आंबट. मासिकात टोमॅटो, लिंबू, चिंच, कधी व्हिनेगर. आपल्याकडे सोलं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण सोलं किती घालायची हे कुठल्याच पाकिटावर नसतं, कारण नगावर ते सांगता येत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'कोकण हातीस'सारख्या जातीचं फळ मोठं असतं, परसातल्या झाडाचं लहान. साल जाड असली तर चार पुरतात, पातळ असली तर सात लागतात. शिवाय सोलांचा आंबटपणा सावकाश उतरतो. टोमॅटो फोडणीत जातो, सोलं रस्सा उकळायला लागल्यावर. घातल्या घातल्या चव बघून 'आंबट नाही' म्हणून आणखी टाकू नका, दहा मिनिटं थांबा. घाई असेल तर सोलं आधी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजत घालून ते पाणी वापरा. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, घालणार असाल तर कृतीतलं मीठ निम्मं करा, कारण आगळात मीठ असतंच.

टोमॅटो नुसता आंबटपणासाठी नसतो, तो रस्सा दाटही करतो. टोमॅटो काढून सोलं घातली की रस्सा पातळ राहतो. मग वाटणात मूठभर खोबरं वाढवायला लागतं. हा दुवा लक्षात आला आणि माझ्या निम्म्या अडचणी मिटल्या.

दुसरं क्रीम. इथे मी एकदा चांगलाच फसलो. एका मासिकात कोलंबीचा पांढरा रस्सा होता: कांदा, मिरी, लिंबाचा रस, क्रीम, 'पाच मिनिटे उकळा'. क्रीमऐवजी नारळाचं दाट दूध घातलं, लिंबाऐवजी सोलं, आणि झाकण ठेवून कृतीप्रमाणे पाच मिनिटं खळखळू दिलं. झाकण काढलं तेव्हा वर तेलाचा तवंग, खाली पांढऱ्या कण्या आणि मधे पाणी. आई मागे उभी होती. म्हणाली, "रस कढवू नको रे, फुटतलो." नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेला स्निग्धांश. जोरात उकळला किंवा आंबट जास्त झालं की तो वेगळा होतो. क्रीममध्ये स्निग्धांश भरपूर असल्यामुळे ते उकळी सोसतं. त्या रात्री सगळे जेवले, चव वाईट नव्हती, पण ते भांडं बघवत नव्हतं.

तेव्हापासूनची पद्धत अशी. एका मध्यम नारळाचं खोबरं एक कप कोमट पाण्यात वाटून पिळलं की जवळपास कपभर दाट दूध निघतं. त्याच चोथ्यात पुन्हा कपभर पाणी घालून दुसरं पातळ दूध. भाजी, कोलंबी, सोलं सगळं पातळ दुधात शिजवायचं. दाट दूध अगदी शेवटी, आच बारीक, झाकण नाही. कडेला छोटे बुडबुडे दिसले की गॅस बंद. कृतीत 'क्रीम घालून उकळा' लिहिलेलं असलं तरी इथे छापलेलं पाळायचं नाही.

तिसरं मासा. फोटोत साल्मन नाहीतर बासाचे जाड, बिनकाट्याचे तुकडे असतात. त्यांच्या जागी रावस किंवा इसवण घ्या, तुकडे बोटभर जाडीचे कापून मागा. मांदेली, तारली अशा लहान माशांना वीस मिनिटं रश्श्यात ठेवलं तर काटेच उरतील. बांगडा तेलकट, त्याला दूध-क्रीम शोभत नाही. त्याला सोलं आणि तिरफळच हवं. तिरफळाची आतली काळी बी काढून टाकायची, टरफल हलकेच ठेचून घालायचं, आणि जेवताना बाजूला काढायचं हे पाहुण्यांना आधी सांगायचं.

मासा घेताना कानशिल उचलून बघा. आत लाल हवं, डोळा फुगीर आणि स्वच्छ, अंगठा दाबला तर मांस परत वर यायला हवं. बांगडा आणि कुपा (ट्यूना) यांच्या बाबतीत तर तडजोड करूच नका. ते उन्हात पडून राहिले की त्यांच्यात असं द्रव्य तयार होतं ज्याने अंगावर पुरळ येतं, खाज सुटते, डोकं दुखतं. आणि ते शिजवल्याने जात नाही. तिसऱ्या (शिंपल्या) शिजवल्यावर ज्या उघडल्या नाहीत त्या फेकून द्या, चाकूने उघडून खाऊ नका.

पनीर लहान गावात रोज मिळत नाही. त्या जागी मी पावसाआधी ओले काजूगर किंवा फणसाची कुयरी (कोवळा फणस) घालतो. कुयरी आधी हळद-मिठाच्या पाण्यात उकडून घ्यावी लागते, हाताला आणि विळीला तेल लावून. ओले काजू सोलतानाही हाताला खोबरेल चोपडा, सालीतला चीक कातडी जाळतो. पावसाळ्यात रानात अळंबी उगवतात, आणि मासिकातलं मशरूम आठवून तुम्हाला मोह होईल. ओळखणारं माणूस बरोबर नसेल तर हातही लावू नका.

ओव्हन नसला तर 'बेक करा' वाचून पान उलटू नका. मसाला लावलेला मासा केळीच्या पानात गुंडाळायचा. पान आधी आचेवर फिरवून मऊ करून घ्यायचं. मग जाड तव्यावर बारीक आचेला झाकण ठेवून एकेका बाजूने सहा-सात मिनिटं. मला तर तो ओव्हनपेक्षा बरा वाटतो, पानाचा वास माशात उतरतो.

४. कात्रणं बाजाराच्या हिशेबाने लावा

मासिकं 'सोमवार ते शुक्रवार' असा तक्ता देतात. तो इथे टिकत नाही, कारण मासा काय मिळेल ते तुम्ही ठरवत नाही. म्हणून माझी फाइल वारांप्रमाणे लावलेली नाही. तिचे तीन भाग आहेत: ओल्या माशाचं, भाजीचं, आणि काहीच मिळालं नाही तर सुक्या मासळीचं किंवा कडधान्याचं. बाजारातून घरी येईपर्यंत कुठला भाग उघडायचा ते ठरलेलं असतं. घरातले सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण हेही विचारून घ्या. नव्या घरात आलेल्या माणसाने हे आधी विचारलं तर पुढचे बरेच अवघड प्रसंग टळतात.

साधारण जून-जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळात बर्फातल्या महाग इसवणीच्या मागे लागण्यापेक्षा सुका जवळा, सोडे आणि रानभाज्यांकडे वळा. मासिकातल्या पालकाच्या बऱ्याच कृतींत टाकळा किंवा कुर्डू चालतो, फक्त कोवळी पानंच घ्यायची आणि शिजायला थोडा जास्त वेळ द्यायचा. अळू घालणार असाल तर आंबट काहीतरी हवंच, नाहीतर घसा खाजतो.

रविवारी मी एक काम न चुकता करतो: भाजक्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. दोन कांदे, एक नारळ, दहा-बारा लसूण पाकळ्या, थोडे धणे. लोखंडी कढईत खोबरं आधी पांढरं, मग हस्तिदंती, मग गव्हाळ होतं. गव्हाळ झालं की आच कमी करायची, कारण तिथून काळं पडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. खोबऱ्याला स्वतःचं तेल सुटून कढईची कड चकाकायला लागली आणि घरभर शेवयांच्या खिरीसारखा वास आला की उतरवायचं, कढईतच ठेवायचं नाही. कढई गरम असते, खोबरं भाजत राहतं. गार करून, शक्य तेवढं कमी पाणी घालून वाटायचं आणि एकेका रात्रीपुरतं छोट्या डब्यांत भरून फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकतं. कच्च्या खोबऱ्याचं वाटण दुसऱ्या दिवशीच संपवा. पावसात वीज सात-आठ तास गेली तर डबा उघडून आधी वास घ्या. जरा आंबूस वाटलं तर टाकून द्या.

वीज संध्याकाळीच जाते असा आमचा अनुभव, म्हणून जूनपासून मी वाटण सकाळी आंघोळीआधी काढतो. पाटा-वरवंटा असेल तर उत्तमच.

५. पहिल्यांदा करताना

पहिली खेप निम्म्या मापाची करा आणि बरोबर घरच्यांना आवडणारं एक नेहमीचं काहीतरी ठेवा. आमच्याकडे भात आणि पापड असला की मुलांचं निभावतं. भात उकड्या तांदळाचा असेल तर तो सगळ्यात आधी चढवा, त्याला पाणी आणि वेळ दोन्ही जास्त लागतात. बासमतीच्या पुलावाची कृती उकड्यावर करू नका, ते जमत नाही. नूडल्स किंवा टोस्टबरोबर खायचा रस्सा असेल तर घावणे काढा: एक वाटी तांदळाचं पीठ, जवळजवळ दोन वाट्या पाणी, मीठ, ताकासारखं पातळ. तवा चांगला तापलेला हवा. पीठ पडताच चर्र आवाज आला आणि जाळी पडली तर बरोबर. पीठ खाली बसतं म्हणून प्रत्येक घावण्याआधी ढवळा.

गॅस पेटवण्यापूर्वी कात्रणावर पेन्सिलने तीन ठिकाणी खूण करा: आच कुठे बदलते, पाणी कुठे पडतं, झाकण कुठे ठेवायचं. चुका याच तीन जागी होतात. मग साहित्य ओट्यावर घालण्याच्या क्रमाने मांडा. मिनिटांपेक्षा खुणेवर भरवसा ठेवा. 'कांदा पाच मिनिटे परता' असं असतं, पण आमच्या मोठ्या बर्नरवर तो तीन मिनिटांत लाल होतो आणि लहानावर आठ मिनिटांनी.

एका संध्याकाळचं पूर्ण सांगतो. मासिकात 'हिरव्या वाटणातला मासा' होता. साहित्यात कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, लिंबू, क्रीम आणि बासा. बाजारात रावस मिळाला, अर्धा किलो, कोळणीने तुकडे करून दिले. मी यादी घेऊन बसलो. मासा बदलला, क्रीमच्या जागी अर्धा कप दाट नारळाचं दूध. लिंबू मात्र ठेवलं. सोलं घातली असती तर त्यांच्या तांबड्या रंगाने हिरवं वाटण मातकट झालं असतं. आंबट कुठलंही असो, जास्त वेळ शिजलं तर कोथिंबिरीचा हिरवा रंग शेवाळी होतोच, म्हणून तेही शेवटी. उन्हाळ्यात लिंबाऐवजी किसलेली कैरी, परसात बिंबलीचं झाड असेल तर दोन बिंबल्या.

सव्वासहाला तांदूळ धुऊन भात लावला, मासा मीठ-हळद लावून ठेवला. सात वाजेपर्यंत नारळ खोवणं, दूध काढणं आणि वाटण: वाटीभर कोथिंबीर, चार मिरच्या, सात लसूण पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, चमचाभर धणे, सहा मिरी आणि दोन मोठे चमचे खोबरं. मग रुंद पातेल्यात दोन मोठे चमचे तेल, एक बारीक चिरलेला कांदा. कांद्याच्या कडा तांबूस झाल्यावर वाटण घालून बारीक आचेवर परतलं. लसणाचा उग्र वास गेला आणि वाटण पातेल्याची बाजू सोडायला लागलं की पाणी. मासिकात एक कप होतं, मी दीड कप पातळ दूध घातलं, कारण आमच्याकडे रस्सा भातावर घ्यायचा असतो. उकळी आल्यावर माशाचे तुकडे एकावर एक न ठेवता सोडले. त्यानंतर डाव घालायचा नाही. पातेलं दोन्ही कानांना फडक्याने धरून हलकेच गोल फिरवायचं, तुकडा मोडत नाही. सात मिनिटांनी काट्याने टोचलं, मांस पाकळीसारखं सुटलं. आच अगदी बारीक, दाट दूध, एक मिनिट, गॅस बंद, वरून अर्ध्या लिंबाचा रस. दहा मिनिटं तसंच ठेवलं. ही दहा मिनिटं मासिकात नव्हती. आईने ठेवायला लावली, आणि त्यामुळे मीठ आतपर्यंत गेलं.

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

सगळंच बिनसलं तर हाताशी कुळथाची पिठी असू द्या. लसूण-मिरचीची फोडणी, अडीच कप पाणी, दोन सोलं, त्यात थोड्या पाण्यात कालवलेले तीन मोठे चमचे कुळथाचं पीठ. गुठळी होऊ न देता ढवळत राहायचं, पंधरा मिनिटांत जेवण. ती तयार आहे हे माहीत असलं की नवीन काही करताना हात थरथरत नाही.

६. समासात लिहा, तिसऱ्या खेपेला ठरवा

जेवून उठल्यावर, भांडी घासण्याआधी, कात्रणाच्या समासात चार गोष्टी लिहा: तारीख, मासा किंवा भाजी कुठली होती, काय बदललं, पातेल्यात काय उरलं. 'छान' असं लिहू नका, पुढच्या वेळी त्याचा काही उपयोग होत नाही. 'मिरच्या चार, धाकटीला तिखट, तीन पुरे' असं लिहा. उरलेल्याची नोंद घरच्यांच्या बोलण्यापेक्षा खरी असते. आमच्याकडे सगळे सौजन्याने चांगलंच म्हणतात, पण रस्सा उरला की मला कळतं.

दुसऱ्यांदा करताना एकच गोष्ट बदला. तिसऱ्यांदा केल्यावर ठरवा, ठेवायचं की टाकायचं. ठेवायचं ठरलं तर मी ती कृती स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या वाटीच्या मापाने दोनशे पानी वहीत उतरवतो आणि कात्रण मागच्या पानावर चिकटवतो. हिरव्या रावसाचं पान आता हळदीने पिवळं पडलं आहे. त्यावर आईच्या सांगण्यावरून लिहिलेली एक ओळ आहे: 'तुकडे सोडण्याआधी रश्शाचं मीठ बघ, नंतर ढवळता येत नाही.'

वही पावसाळ्यात ओट्याजवळ ठेवू नका. दमट हवेत पानं चिकटतात, शाई पसरते आणि कसर लागते. आमची फडताळात असते, वाळवलेली कडुलिंबाची पानं मधे घालून. लिहिताना पेन्सिल किंवा बॉलपेन वापरा, आणि प्रत्येक नव्या पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. बायकोची रात्रपाळी असते तेव्हा ती त्याच फोटोवरून मला विचारते, आज कुठलं पान.